कचेरीची हवा

जुन्या हस्तलिखित पोथ्यांच्या अखेरीस, ग्रंथसमाप्तीचा शक, मास आणि तिथी नोंदवून झाल्यावर, नक्कल करणारा लेखनिक पुष्कळदा आपले एक गाऱ्हाणे संस्कृत श्लोकात मांडून ठेवी. पाठ, कंबर आणि मान मोडून गेली, दृष्टी एका जागी खिळली, तोंड खाली घालून हे लिहिले. एवढ्या कष्टाने सिद्ध झालेला हा ग्रंथ आहे, तरी त्याचा यत्नाने सांभाळ करावा, असा त्याचा आशय असे. बैठ्या लेखनाने शरीराची काय अवस्था होते याचे इतके नेमके निदान एखाद्या वैद्यानेही क्वचितच केले असेल. परंतु त्याहून लक्षणीय गोष्ट ही, की एवढी व्यथा सांगितल्यावर त्या लेखनिकाने सांभाळ मागितला तो ग्रंथाचा. स्वतःच्या पाठीसाठी त्याने काहीच मागितले नाही. कचेरीत बसून लिहिणाऱ्या माणसाच्या आरोग्याचा आपल्याकडील इतिहास या मागणीत बीजरूपाने येऊन गेला आहे. दफ्तर जपावे लागते, दफ्तर लिहिणारा मात्र आपला आपण जपला जातो, ही समजूत पेशवाईच्या फडापासून आजच्या वातानुकूलित दालनांपर्यंत अखंड चालत आली असून, तिचा माग काढण्यास नाशिकइतके सोयीचे गाव दुसरे मिळणे कठीण आहे.

याचे कारण असे, की नाशिकची ख्याती तीर्थक्षेत्र म्हणून जितकी, तितकीच हवेसाठीही आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंचीवर, सह्याद्रीच्या आडोशाला आणि गोदावरीच्या काठी वसलेल्या या गावाला मुंबईचा दमटपणा लागत नाही. आणि म्हणूनच जवळच्या देवळालीस मुंबईकर धनिकांनी आरोग्यधामे बांधली व आजारातून उठलेली माणसे हवापालटासाठी तेथे पाठविण्याचा प्रघात पडला. ज्या गावी परगावचा माणूस श्वास घेण्यासाठी येतो, त्याच गावचा कारकून दिवसाचे सात-आठ तास कोणती हवा घेतो, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

पेशवाईतील कारभाराचे नाशकातील दृश्य स्मारक म्हणजे सराफ बाजाराजवळचा सरकारवाडा. काळ्या दगडाचे जोते, कोरीव लाकडी खांब, मध्ये उघडा चौक आणि भोवती सोपे अशी वाड्याची जी रचना महाराष्ट्रात रूढ होती, तीच येथेही आढळते. अव्वल इंग्रजीत, १८४० साली स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचे बिऱ्हाडही दीर्घकाळ याच वास्तूत होते, आणि पोलीस ठाण्याला तर तिने आपले नावच दिले. अशा वाड्यात लिहिणारा कारकून सोप्यावर जाजम टाकून बसे. एक मांडी मोडून, दुसरा गुडघा उभा करून त्यावर कागद धरी, आणि बोरूने भरधाव मोडी लिही. ओली शाई टिपण्यासाठी तो वाळू भुरभुरवी, आणि लिहून झालेले कागद रुमालात बांधून ठेवी. चौकातून उजेड येई तोवर काम चाले; समईच्या उजेडात बारीक मोडी लिहिणे हे निकडीच्या वेळचेच काम असे. मोकळ्या चौकामुळे हवा खेळती राही, आणि दिवसाच्या मर्यादेमुळे डोळ्यांना विसावा मिळे. तथापि हे सुख कोणी कारकुनाच्या प्रकृतीचा विचार करून योजले होते असे मानण्याचे कारण नाही. वाडा राहण्यासाठी बांधलेला असे आणि त्याच्या एका सोप्यात फड बसे, एवढाच त्याचा अर्थ; कारकुनाला जी हवा मिळाली ती घराच्या पुण्याईने मिळाली.

या व्यवस्थेचा विस्तार काही लहान नव्हता. पुण्याच्या हुजूर दफ्तरात, चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर मिळून, नाना फडणिसांच्या अमदानीत दोनशेच्या आसपास कारकून काम करीत, असे इंग्रजी अंमलाच्या प्रारंभीच्या चौकशीत आढळून आले. गावोगावचे हिशेब तेथे उलगडून, ताडून, पुन्हा बांधून ठेवले जात. त्या रुमालांना कसर लागू नये, वाळवी लागू नये, म्हणून वेखंड आणि कडुनिंबाचा पाला घालण्याची, पावसाळा सरल्यावर कागदांना ऊन दाखविण्याची रीत आपल्याकडे घरोघरी होती. कागदाला ऊन दाखविले पाहिजे हे ज्ञान असलेल्या समाजाला तो कागद लिहिणाऱ्याला ऊन दाखविण्याची मात्र आठवण झाली नाही.

योगायोग असा, की ज्या १७१३ साली शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथास पेशवाईची वस्त्रे दिली आणि मराठी राज्यातील लेखणीच्या कारभाराला नवे बळ आले, त्याच साली इटलीतील बर्नार्दिनो रामात्सिनी या वैद्याने कामगारांच्या व्याधींवरील आपल्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध करून तीत लेखनिकांवर एक स्वतंत्र प्रकरण घातले. लेखनिकाच्या दुखण्याची त्याने तीन कारणे दिली: सतत बसून राहणे, हात अखंड एकाच दिशेने चालविणे, आणि हिशेबात चूक होऊन धन्याचे नुकसान होईल या धास्तीने मनावर येणारा ताण. खाणीत उतरणाऱ्या, कातडी कमावणाऱ्या, शिसे वितळविणाऱ्या माणसांच्या पंक्तीला त्याने कारकुनाला बसविले, आणि सावलीत बसून करावयाचे काम म्हणजे सुखाचे काम हा समज प्रथमच शास्त्रीय दृष्टीने खोडून काढला. आपल्या फडावरही ही तिन्ही कारणे पुरेपूर होती. बेरजेत एक आणा चुकला तर जाब द्यावा लागे, आणि ती धास्ती कोणत्याही खुल्या चौकातून उडून जाणारी नव्हती.

१८१८ साली नाशिक इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १८६९ साली तो स्वतंत्र जिल्हा झाला. कलेक्टर, त्याच्या हाताखाली मामलेदार, शिरस्तेदार, अव्वल कारकून अशी उतरंड उभी राहिली, आणि कचेरी ही घरातील एक जागा न राहता स्वतंत्र इमारत झाली. या स्थित्यंतराचा आरोग्यावर झालेला परिणाम दुहेरी होता. जाजमाची जागा मेज-खुर्चीने घेतली. गुडघ्यावरचा कागद मेजावर आला, आणि मांडीला विश्रांती मिळाली तरी उठबस करण्याचा जो थोडाबहुत व्यायाम होता तो बंद पडला. साहेब स्वतः हिवाळा-उन्हाळा जिल्ह्यात दौऱ्यावर, तंबूत आणि घोड्यावर काढी. मोकळ्या हवेचा हक्क हुद्द्याबरोबर वाढत जाई. मुख्य कचेरीत राहणारे कारकून मात्र अकरा ते पाच त्याच दालनात असत, आणि त्या दालनाला लागून, किंवा पुष्कळदा त्याच दालनात, अभिलेख ठेवण्याची खोली असे. जमिनीची मोजणी, जमाबंदी, इनामाची चौकशी, तगाईचे अर्ज, दिवाणी आणि फौजदारीचे निवाडे यांनी कागदांचे ढीग असे काही वाढले, की कचेरी माणसांसाठी आहे की रुमालांसाठी, असा संभ्रम पडावा.

या खोलीचा जो एक विशिष्ट वास असतो, तो कोणाही नाशिककराला, ज्याने कधी जुन्या सातबाराची वा फेरफाराची नक्कल काढली असेल, सांगावा लागणार नाही. जुन्या कागदाची धूळ, पावसाळी ओलीने धरलेली बुरशी, कसरीने पाडलेला भुगा आणि अलीकडच्या काळात कीड मारण्यासाठी ठेवलेल्या डांबराच्या गोळ्यांचा दर्प, यांचे ते मिश्रण असते. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू आणि धुळीतील किडे हे शिंका, वाहते नाक, खाजरे डोळे आणि दमा यांचे परिचित कारण आहे. ज्याची प्रकृती मुळातच दम्याकडे झुकलेली, त्याची नेमणूक अभिलेख-कक्षात होणे ही शिक्षाच म्हणावी लागेल. परंतु तेथील खिडकी उघडावी तर ओल आत येते, कागद खराब होतो; सबब खिडकी बंद.

उन्हाळ्यात साहेबाच्या दालनाला वाळ्याचे पडदे लागत व ते पाण्याने भिजविले जात. छतापासून कापडी झालरीचा पंखा टांगलेला असे आणि त्याची दोरी बाहेर ओसरीवर बसलेला पंखेवाला दिवसभर ओढी. आतल्या एका माणसाच्या अंगावरील वाऱ्यासाठी बाहेरच्या एका माणसाने उन्हाच्या झळा सोसाव्यात, अशी ती योजना होती. पुढे वीज आली आणि पंखेवाला गेला. विजेचा पंखा कारकुनांच्याही डोक्यावर फिरू लागला. हा खरोखर मोठा उपकार होता; पण पंख्याबरोबर मेजावर काचेचे वजनही आले, कारण वारा माणसाला सुखावतो आणि कागदाला उडवितो. चैत्र-वैशाखाच्या तळपत्या दुपारी, महत्त्वाची नस्ती मेजावर पसरलेली असल्यामुळे पंखा एकावर ठेवून घामाघूम होत लिहिणारा कारकून ज्याने पाहिला आहे, त्याला कागद आणि माणूस यांच्यातील अग्रक्रम वेगळा समजावून द्यावा लागत नाही. त्यानंतर आली पोलादी कपाटे. ती भिंतीला लावावयाची, आणि भिंतीला खिडक्या; तेव्हा बांधकाम खात्याने मोठ्या विचाराने ठेवलेल्या उंच, दुहेरी तावदानांच्या खिडक्या एकामागून एक कपाटांच्या पाठीमागे गेल्या, आणि दिवसाढवळ्या नळीचे दिवे लावावे लागले.

हवेचा हक्क आपल्याकडे कोणाला आणि का मिळाला, हे पाहिले म्हणजे कारकुनाची उपेक्षा अधिक स्पष्ट होते. पहिला मान शिपाईगड्यांचा. देवळालीस गोऱ्या पलटणींचा तळ पडला तो १८६० नंतरच्या दशकात, आणि त्याच सुमारास, १८६३ साली, हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या राजनियुक्त आयोगाने आपला अहवाल दिला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यासाठी अपार श्रम घेतले होते. लढाईपेक्षा रोगाने मरणारे सैनिक अधिक, हे आकड्यांनी सिद्ध झाल्यावर बराकीत माणशी किती जागा आणि किती हवा असावी याचा विचार करणे सरकारला भाग पडले. दुसरा क्रम गिरणी-कामगारांचा. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी-कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुटीची आणि दुपारच्या विश्रांतीची मागणी केली, आणि पुढच्या कायद्यांना धार आली. कारकुनांच्या वतीने मात्र अशी सभा भरली नाही. पांढरपेशा माणसाला आपल्या घामाची लाज वाटे, आणि सावलीतल्या नोकरीविषयी तक्रार करणे हे कृतघ्नपणाचे लक्षण समजले जाई.

तिसरा क्रम यंत्राचा, आणि येथे नाशिकचा इतिहास एका विलक्षण वळणावर येतो. भारताची टपाल तिकिटे तोवर लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत, आणि नोटा बँक ऑफ इंग्लंडकडून. यांचा छापखाना हिंदुस्थानातच काढावा असे ठरल्यावर जी जागा निवडली गेली ती नाशिक रोडची. मुंबईशी जोडणारा लोहमार्ग आणि समशीतोष्ण हवा या तिच्या दोन मोठ्या अनुकूलता. १९२५ साली सिक्युरिटी प्रेस सुरू झाला, १९२६ पासून तेथे तिकिटे छापली जाऊ लागली, आणि १९२८ साली नोटांचा छापखाना त्याच्या शेजारी उभा राहिला. आता हवा चांगली म्हणजे कोणासाठी चांगली, याचा विचार करावा. तिकिटाच्या पाठीला डिंक असतो. हवा दमट झाली की तो चिकटतो, कोरडी झाली की कागद वळतो. एकाच कागदावर दोन-तीन रंग वेगवेगळ्या वेळी छापावयाचे तर मधल्या काळात कागद केसभरही फुगता वा आकसता कामा नये. ज्या हवेसाठी रोगी देवळालीस येत, तिचा लाभ येथे प्रथम कागदाला झाला.

आणि हे केवळ नाशकातच घडले असे नाही. आज आपण ज्याला वातानुकूलन म्हणतो त्याचा जन्मच छापखान्यात झाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलीन भागातील एका शिळाछापखान्यात दमट हवेने कागद फुगून रंग जागेवर बसेनात, तेव्हा विलिस कॅरियर नावाच्या तरुण अभियंत्याने हवेतील ओलावा आवरणारे यंत्र योजले. तेथील कामगारांना त्या उन्हाळ्यात जो गारवा मिळाला तो आनुषंगिक होता. याच्या उलट कापडगिरण्यांत, सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट केली जाई, आणि तो कृत्रिम दमटपणा कामगाराला असह्य होऊ नये म्हणून कायद्याला मध्ये पडावे लागले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली नवा कारखाना कायदा आला. त्यात वायुवीजन व उष्णता, धूळ, कृत्रिम दमटपणा, उजेड आणि गर्दी या प्रत्येक बाबीला स्वतंत्र कलम मिळाले. नव्या कारखान्यात माणशी किमान ५०० घनफूट जागा असावी, आणि जमिनीपासून १४ फुटांच्या वरची पोकळी हिशेबात धरू नये, इतक्या बारकाईने ते लिहिले गेले. म्हणजे छापखान्यातील यंत्रघराच्या हवेला कायद्याचे रक्षण मिळाले. त्याच साली मुंबई प्रांताने दुकाने आणि आस्थापनांचा कायदा केला आणि खाजगी पेढ्यांना स्वच्छता, हवा व उजेड यांची बंधने घातली. पण सरकारी व स्थानिक संस्थांच्या कचेऱ्या त्यातून वगळल्या. ही परंपरा आजतागायत खंडित झालेली नाही. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत, ती कोणाला लागू नाही हे सांगताना, केंद्र सरकारच्या कचेऱ्या, राज्य सरकारांच्या कचेऱ्या आणि कोणत्याही राष्ट्राची युद्धनौका अशी तीन नावे एका पंक्तीत आली आहेत. अपवादाला अपवाद असा, की त्या कचेऱ्यांत कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्या मजुरांना मात्र ती लागू आहे. तात्पर्य, कचेरी झाडणाऱ्या कंत्राटी माणसाच्या आरोग्याची काळजी कायदा वाहतो, आणि त्याच खोलीत तीस वर्षे बसणाऱ्या कायम कारकुनाला युद्धनौकेच्या भरवशावर सोडतो.

कोंदट हवेने होते काय, याचे उत्तर आता पुरेसे स्पष्ट आहे. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ च्या सुमारास असे सुचविले, की बंद खोलीतील कर्बवायूचे प्रमाण हजारात एक भागापेक्षा अधिक झाले तर ती हवा राहण्यास अयोग्य समजावी. कर्बवायू त्या प्रमाणात विषारी असतो म्हणून नव्हे. उच्छ्वासाची घाण बाहेर जात नाही याची तो खूण असतो म्हणून. बाहेरच्या हवेत आज हे प्रमाण दहा हजारांत सुमारे चार आहे; दाटीवाटीच्या बंद दालनात ते दुपारपर्यंत सहज तिप्पट होते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पाश्चात्त्य देशांत इंधन वाचविण्यासाठी इमारती घट्ट मिटल्या गेल्या आणि माणशी दर मिनिटाला १५ घनफूट ताजी हवा आत घेण्याचा दंडक ५ घनफुटांवर आणला गेला; थोड्याच वर्षांत डोके दुखणे, डोळे चुरचुरणे, घसा कोरडा पडणे आणि घरी गेल्यावर बरे वाटणे अशा तक्रारी इतक्या वाढल्या, की जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८४ च्या एका समितीला, नव्या आणि नूतनीकरण केलेल्या इमारतींपैकी शेकडा तीसपर्यंत इमारती अशा दोषी असाव्यात, असे म्हणावे लागले. पुढे २०१५ साली हार्वर्डच्या संशोधकांनी २४ नोकरदारांना एका नियंत्रित कचेरीत बसवून रोज हवा बदलून पाहिली, तेव्हा शुद्ध हवेच्या दिवशी त्यांची विचारशक्ती आणि निर्णयशक्ती लक्षणीय रीतीने वाढलेली आढळली. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण आपण कारकुनाच्या आळसाला लावतो. तीन वाजता जांभई देणाऱ्या त्या माणसाच्या आळसात त्याच्या खोलीतील बंद खिडकीचा वाटा किती, याची वजाबाकी करून मग ती लावणे न्यायाचे होईल.

बैठेपणाचे तसेच. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांचे चालक आणि वाहक यांची तुलना केली, आणि दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतर करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो असे दाखविले. टपाल खात्यातही पत्रे वाटत फिरणारा आणि कचेरीत बसणारा यांच्यात तोच फरक आढळला. नाशकात छापलेले तिकीट घेऊन दारोदार हिंडणारा टपालवाला, ते तिकीट विकणाऱ्या कारकुनापेक्षा हृदयाने धडधाकट, असा त्याचा आपल्यापुरता अर्थ. महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला हे स्वागतार्हच. पण त्याच्या मोबदल्यात रोजचे काम ४५ मिनिटांनी वाढले, म्हणजे सलग बसण्याची मर्यादाही तेवढीच लांबली. सुटीच्या दिवसाने मन ताजे होते. पाठीचा हिशेब मात्र रोजचा रोज मांडला जातो.

संगणक आला तेव्हा हाच क्रम पुन्हा एकदा गिरविला गेला. पहिली काही वर्षे त्याची खोली वेगळी, गार आणि धूळविरहित असे; चपला बाहेर काढून आत जावे लागे, आणि शेजारच्या दालनात कारकून घाम पुसत असत. यंत्राला थंड हवा लागते असे म्हणून जी सोय झाली, ती माणसांसाठी मागितली असती तर तिच्या प्रस्तावावर वित्त खात्याचा शेरा काय पडला असता याची कल्पना कोणालाही करता येईल. २०२० च्या साथीत मात्र काही काळ हा क्रम उलटला. रोगजंतू बंद हवेत पसरतात हे समजल्यावर कपाटे ओढली गेली, वर्षानुवर्षे न उघडलेल्या खिडक्यांच्या बिजागऱ्यांना तेल मिळाले. भीती ओसरली तशी पुष्कळ ठिकाणी कपाटेही जागेवर गेली.

या सर्व इतिहासातून जो निष्कर्ष निघतो तो निराशेचा नाही. तीन शतके कचेरीची रचना कागदाने ठरविली. त्याला वारा सोसवत नव्हता, ओल सोसवत नव्हती, आणि तो राज्याच्या महसुलाचा आधार असल्यामुळे त्याचे म्हणणे मोडता येत नव्हते. आता सातबारा पडद्यावर आला, नस्त्या संगणकावर फिरू लागल्या, आणि आजचा संगणक माणूस सुखाने बसेल त्या कोणत्याही खोलीत सुखाने चालतो. कागदाची सबब संपली, यंत्राचीही संपली. कचेरीच्या हवेवर माणसाखेरीज दुसरा दावेदार पहिल्यांदाच उरलेला नाही. मूळ अभिलेख जतन करावयाचे ते स्वतंत्र, कोरड्या वास्तूत करावेत, आणि त्यांच्याजवळ माणसे पाळीपाळीने बसावीत. कपाटांनी बुजविलेल्या खिडक्या मोकळ्या कराव्यात. कारखान्यातील मजुराला १९४८ सालीच जे घनफूट मोजून दिले ते सरकारी कारकुनालाही कायद्याने मोजून द्यावेत. याला फार मोठा खर्च लागत नाही, नवे शास्त्रही लागत नाही. नाशिकसारख्या गावी तर निम्मे काम निसर्गाने आधीच करून ठेवले आहे. उरलेले निम्मे करण्यासाठी एक शासननिर्णय पुरेसा आहे, आणि तो ज्याला लिहावा लागेल त्या कारकुनाची त्याला हरकत असण्याचे कारण नाही.